पाकिटावरची पांढरी खूण

माझं घर बारामतीत आणि दातांचा दवाखाना इंदापुरात. वाटेत भवानीनगर लागतं. त्या आठवड्यात ते जरा जास्तच लागत होतं, आणि दर वेळी मी गाडीचा वेग वाढवत होतो.

घडलं ते गुरुवारी. हत्यारं वाफेच्या यंत्रात असतानाच वीज गेली. इन्व्हर्टरवर दिवा चालतो, ते यंत्र चालत नाही. बाहेर पेशंट ताटकळलेले, आणि खुर्चीत भवानीनगरचे एक आबा, दाढ काढायला भूल देऊन बसवलेले. माझ्या जुन्या मदतनीस ताई पाकीट हातात धरून म्हणाल्या, "सर, खूण काळी झाली नाही. हा सेट नको." पाकिटावरची खूण काळी झाली, की आतली हत्यारं निर्जंतुक झाली असं समजायचं. ती पांढरीच होती. मलाही दिसत होती. पण पारा चढला होता. "डॉक्टर मी आहे का तुम्ही?" असं सगळ्यांदेखत खेकसलो. ताईंनी मुकाट्याने पाकीट फोडून दिलं. दाढ झकास निघाली.

त्यानंतर मात्र अन्न गोड लागेना. तो नियम ताईंना मीच शिकवला होता. वर 'चुकलो तर मलाही अडवा' असं मोठेपणाने बजावलंही होतं. अडवलं, तर मी काय केलं? सोमवारी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझं राहू द्या. आबांना सांगितलंत का?"

त्या संध्याकाळी भवानीनगरला गाडी थांबवली. आबा ओट्यावर बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. हत्यारं पुरती निर्जंतुक नव्हती, संसर्गाचा धोका कमी आहे पण आहे, रक्त आत्ता तपासायचं आणि काही महिन्यांनी पुन्हा, ते सगळं मी बघतो. ते संतापतील, गावभर करतील, याची मनाची तयारी केली होती. खरं सांगायचं तर भीतीच वाटत होती.

आबा म्हणाले, "म्हाईत हाय मला."

"कसं काय?"

"त्या बाई बोलल्या तवा मी तितंच व्हतो की. भूल जबड्याला दिली व्हती, कानाला न्हाय."

"मग आबा, तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

"तुमी त्यांच्यावर वरडला. रोजच्या माणसाचं तुमी ऐकंना, तितं माझं काय ऐकणार?"