पायाळू फिजिओथेरपिस्ट

"डॉक्टर, ते बर्फबिर्फ राहू द्या. तुमचा पाय लावा एकदा."

चेणे गावचे रामाकाका माझ्या मीरा रोडच्या क्लिनिकमध्ये बसून मला, डिग्रीवाल्या फिजिओथेरपिस्टला, हे सांगत होते. शेजारी त्यांची मुलगी सुवर्णा, घोटा वांग्याएवढा सुजलेला. पोलीस भरतीची धावण्याची टेस्ट दोन महिन्यांवर. पुढच्या भरतीला तिचं वय बसणार नव्हतं.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. अशा माणसाचा पाय लागला की लचक पळते, असा आपल्याकडे समज. माझ्या आईने ही बातमी सगळ्या मीरा रोडला पुरवली होती.

"एक्स-रेत हाड शाबूत आहे," मी म्हणालो. "लिगामेंट ताणलंय. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारी दोरी. आधी आराम, बर्फ, पट्टी. मग एका पायावर उभं राहायचा व्यायाम. तोल परत आला नाही तर घोटा पुन्हा मुरगळणार."

"गरम तेलानं चोळलाय ना आम्ही."

"म्हणूनच सूज वाढलीय! आणि मी इथे लाथा मारायला बसलेलो नाही."

भाषण झकास झालं. काका उठले आणि मुलीला थेट वरसाव्याच्या दुसऱ्या पायाळूकडे घेऊन गेले. त्याने पाय लावला आणि सांगितलं, "झालं. धाव आता."

ती धावली. चौथ्या दिवशी दोघं परत माझ्या दारात. घोटा जांभळा.

"सर, भरती गेली का माझी?" ती रडत होती.

मी माझ्या पायातला मोजा काढला. उजव्या पायाचा अंगठा तीनदा तिच्या घोट्याला टेकवला. तोंड जमेल तेवढं गंभीर ठेवलं. मग पथ्य सांगितलं. तेल बंद. पाच आठवडे धावणं बंद. सूज उतरली की मी शिकवीन तो व्यायाम, सकाळ-संध्याकाळ.

"एक दिवस चुकला तर गुण गेला."

"न्हाय चुकणार," काकांनी हात जोडले.

चुकला नाही. काका स्वतः घड्याळ घेऊन अंगणात उभे राहायचे. सहाव्या आठवड्यात तिने हळूहळू जॉगिंग सुरू केलं. टेस्ट पास झाली.

काका पेढे घेऊन आले, वाकून माझ्या उजव्या पायाला हात लावला. भिंतीवरच्या डिग्रीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

व्यायाम करा म्हटलं तर पेशंट करत नाही. चुकलात तर गुण जातो म्हटलं की करतो. कॉलेजात हे शिकवलं असतं तर माझी निम्मी भाषणं वाचली असती.