सातव्या ठिकाणाची परवानगी

आमचे बाबा कुठल्याही कागदावर आधी चौकट आखतात. किराण्याची यादी असो नाहीतर डॉक्टरांना सांगायच्या तक्रारी असोत, चारी बाजूंनी रेघ, खाली उजव्या कोपऱ्यात छोटा चौकोन, त्यात तारीख आणि सही. आईने एकदा वैतागून विचारलं, "साबण आणायच्या यादीवर सही कशाला?" तर म्हणाले, "उद्या कुणी विचारलं, ही यादी कुणी केली, तर?" साबणाबद्दल कुणी चौकशी करत नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

बत्तीस वर्षं ते नगररचना खात्यात ड्राफ्ट्समन होते. शहरातला प्रत्येक रस्ता त्यांच्या पेनाखालून गेलेला. मग कॉम्प्युटर आले, तिरकी टेबलं भंगारात गेली आणि बाबा रेकॉर्डच्या खोलीत फायलींवरची धूळ झटकत निवृत्त झाले. घरी बसून त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळ्यांची मापं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा आईनेच त्यांना फोटोग्राफीच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घालायला लावलं. "बघायचंच आहे ना, मग बाहेरचं बघा," म्हणाली. वर्गात बाकी सगळी विशी-बाविशीची. बाबा पहिल्याच दिवशी सगळ्यांचे 'काका' झाले. शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून तीन वर्षांनी लहान, आणि कुणाची भीडभाड ठेवणाऱ्या नव्हेत.

वर्षाच्या शेवटी प्रोजेक्ट होता. विषय शहर. प्रत्येकाने एक भाग निवडायचा आणि त्याचे बारा फोटो काढायचे. पण कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी आराखडा मंजूर करून घ्यायचा: कुठे उभं राहायचं, किती वाजता, ऊन कुठल्या बाजूने असेल, आणि कुणाच्या आवारात शिरावं लागत असेल तर त्याची लेखी परवानगी. आराखडा पास झाला तर फोटो, मग हॉलमध्ये प्रदर्शन. नाही झाला तर त्या बॅचचं सर्टिफिकेट विसरा. पोरांनी पूल घेतले, बाजार घेतला, बसस्टँड घेतला. बाबांनी रुंद केलेला रस्ता घेतला.

हे ऐकून आई हातातलं काम ठेवून बघतच राहिली. "जखमेवर मीठ चोळून घ्यायची हौस आलीय का तुम्हाला?"

जखम कुठली, तेही सांगते. सात वर्षांपूर्वी तो रस्ता रुंद करायचं ठरलं. कुठून कुठपर्यंत, ते साहेबांनी ठरवलं. नकाशावर लाल रेघ ओढायचं काम बाबांकडे आलं. डाव्या हाताच्या ओळीतल्या सगळ्या घरांची तोंडं त्या रेघेवर कापली गेली. कुणाचा ओटा गेला, कुणाचा जिना गेला. सातवं घर माझ्या आत्याचं, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीचं. तिची पुढची खोली मधोमध कापली गेली.

आत्या त्या रेघेवरून रागावली नाही. ती हॉस्पिटलात हेड नर्स होती, वरून आलेला हुकूम म्हणजे काय हे तिला बरोबर ठाऊक. ती रागावली आठ महिन्यांवरून. नकाशा झाल्यापासून नोटिसा निघेपर्यंत आठ महिने गेले, आणि तोवर ते काम गोपनीय होतं. त्या आठ महिन्यांत बाबा दर रविवारी आत्याकडे चहाला जात होते, त्याच खोलीत बसत होते. मधल्या काळात आत्याने हौसेने खोलीला नवी फरशी घातली. मोजमाप करताना टेपचं दुसरं टोक बाबांनी धरलं. त्या लाल रेघेबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

नोटीस आली त्या दिवशी आत्याचा फोन आला. तिने एवढंच विचारलं, "बारक्या, तुला माहीत होतं?" बाबांना खोटं बोलता येत नाही. "हो," म्हणाले. तेव्हापासून दोघं बोलले नव्हते. बाबा त्या रस्त्यालाही जात नसत. बँकेत जायचं तर मोठा वळसा घालून जायचे. आई अधूनमधून आत्याला फोन करायची, काय बोलणं झालं ते सांगायची नाही. मीही गेले नाही. मला बाबांचा राग यायचा, त्यांची कीवही यायची, आणि आत्यासमोर उभं राहायची लाज वाटायची. अशी सहा वर्षं गेली, दुसरं काय.

तर त्या रस्त्याचा आराखडा बाबांनी जेवणाच्या टेबलावर बसून तयार केला. जुन्या नकाशाची प्रत काढली, त्यावर उभं राहायच्या जागांचे बारीक गोल, प्रत्येक गोलातून बाण, बाजूला सूर्याची दिशा. सुरेख कागद झाला. मॅडमनी तो हातात घेतला आणि लगेच विचारलं, "काका, सहानंतर एकदम आठ?"

"सातावर घर आहे. फोटो नाही," बाबा म्हणाले. नंबर बदलून टाकले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण ते आमच्या बाबांना कसं जमावं!

"का नाही?"

"परवानगी मिळणार नाही."

"मागितलीत?"

बाबा चौकटीतली आपलीच सही बघत राहिले. मॅडम म्हणाल्या, "हे बघा काका, ओळीतल्या घरांचा प्रोजेक्ट आहे, मधलंच एक घर गाळून चालणार नाही. आणि हा आराखडा तुम्ही खुर्चीत बसून केलाय, दिसतंय मला. पायी फिरून या. पुढच्या शनिवारी सातव्यासकट आणा, नाहीतर विषय बदला. तेही जमत नसेल तर पुढच्या बॅचला बसा."

त्या दिवसापासून घरात चैन पडेना. बाबांनी परवानगीच्या पत्राचे नऊ मसुदे केले. पहिला 'प्रिय ताई'पासून सुरू होत होता, नववा 'महोदया'वर येऊन थांबला. "सख्ख्या बहिणीला महोदया?" आईने कपाळावर हात मारला. बाबांचं जेवण निम्म्यावर आलं, खिशात ॲसिडिटीच्या गोळ्यांचं पाकीट आलं. मी चष्म्याच्या दुकानात कामाला निघाले की चपला घालेपर्यंत मागे मागे. "दार उघडून बंद करून घेतलं तर?" "कुत्रं पाळलं असेल का?" "शेजारी ऐकतील का गं?" मी म्हणायचे, "खाणार आहे का आत्या तुम्हाला?" पण खरं सांगायचं तर दुकानात गिऱ्हाईकाच्या चष्म्याचा नंबर तपासताना मीही तेच भिंग दोनदा लावायचे. तिने दार लावून घेतलं तर हा माणूस परत उभा राहायचा नाही, हे मला दिसत होतं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मला आईने मुद्दाम सोबत धाडलं. "एकटे गेले तर पहिल्या घरावरून परत येतील," म्हणाली.

वाटेत बाबांनी आपला मनसुबा सांगितला. घराचा दर्शनी भाग समोरच्या फुटपाथवरून दिसला, तर कुणाच्या आवारात शिरायचं कारणच नाही. मग परवानगी कशाला? म्हणजे तेवढ्यासाठी नऊ मसुदे!

पहिल्या ठिकाणी ऊन नेमकं त्यांनी लिहिलं होतं तिथे पडलं होतं. बाबांची छाती जरा फुगली. तिसऱ्या ठिकाणी मात्र बाणाच्या वाटेत दोन मजली जाहिरातीचा फलक उभा. चौथ्याला विजेची पेटी आडवी आली, पाचव्याला पाण्याची टाकी.

"हे नकाशात नव्हतं," बाबा पुटपुटले.

"टाकी आहे की नकाशात. हा काय गोल."

"पण एवढी उंच..."

"नकाशात उंची कुठे असते बाबा?" मी चिडून म्हटलं, आणि मग जीभ चावली. जन्मभर शहर वरून बघितलेला माणूस. त्यांच्या कागदावर टाकी म्हणजे गोल आणि भिंत म्हणजे दोन रेघा. त्यांनी तिथेच उभ्याउभ्या खोडरबर काढला. इतकं जोरात घासलं की कागद थोडा फाटला.

सातव्या घरापाशी आलो तर घर दिसेचना. कापलेल्या कडेवर आत्याने पुरुषभर उंचीची भिंत घातली होती. मधे लोखंडी फाटक, वर खिडकीची जेमतेम वीतभर चौकट. बाबा समोरच्या फुटपाथवर डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, टाचा उंचावून बघितलं.

"आता?" त्यांनी मला विचारलं.

"आता बेल."

"दहा मिनिटं थांबू या का?"

मी रस्ता ओलांडून बेल दाबली.

आत्याने दार उघडलं. केस सगळे पांढरे झाले होते, पाठ तशीच ताठ. आधी तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वाळलीस किती." मग बाबांकडे वळली. "बोल."

बाबांनी दोन्ही हातांनी पत्र पुढे केलं. आत्याने ते घेतलं, "उन्हात कशाला उभे, आत या," म्हणाली आणि चष्मा आणायला गेली. पुढची खोली आता इतकी चिंचोळी होती की खुर्चीत बसलं तर गुडघे समोरच्या भिंतीला टेकावेत. करड्या रंगाची ती फरशी अजून तशीच, फक्त नव्या भिंतीपाशी येऊन कापलेली. बाबा उंबऱ्यातच उभे राहिले. फरशीवर पाय ठेवेनात.

आत्याने पत्र सगळं वाचलं. तिच्या चष्म्याची एक काडी वाकली होती, सरळ करून द्यायला माझे हात शिवशिवत होते, पण हिंमत झाली नाही. "महोदया," तिने मोठ्याने वाचलं. "बरं. आणि हा नकाशा? सात म्हणजे मी?"

"हो."

"माझ्याकडे सगळ्यांत आधी आलास?"

"नाही," बाबा म्हणाले. "तुझ्याकडे न येता जमतंय का, ते बघत होतो."

मला वाटलं, संपलं. पण बाबा थांबले नाहीत. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की पुढे वाकून ऐकावं लागत होतं. "ताई, तू फरशी घालत होतीस तेव्हा सांगायला हवं होतं. मला नोकरीची भीती वाटली. मी टेप धरला."

"धरलास. आणि वर म्हणालास, कोपऱ्यात अर्धी फरशी येईल, तिथे कपाट ठेव म्हणजे दिसणार नाही."

बाबांनी मान खाली घातली. रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"सही कधी हवी?" आत्याने विचारलं.

"शनिवारी."

तिने पत्राची घडी केली आणि टेबलाच्या खणात टाकली. "माझं उत्तर ठरलंय. पण ते तुला आठ महिन्यांनी सांगीन."

"आठ महिने? अगं, शनिवारी..."

"तोवर दर रविवारी चहाला यायचं. इथेच बसायचं. हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. तू विचारायचं नाहीस, मी सांगणार नाही. बघ, बसवतं का."

माझा पारा चढला. "आत्या, त्यांचं वर्ष जाईल!"

"जाऊ दे. माझी खोली गेली."

मी बाबांचा हात धरून निघणारच होते. पण बाबा आत आले, फरशीवर पाय ठेवून खुर्चीत बसले, आणि त्यांचे गुडघे खरंच भिंतीला टेकले.

शनिवारी त्यांनी मॅडमना सांगितलं, सातव्या ठिकाणाची परवानगी विचाराधीन आहे. मॅडमनी विषय बदलायला दोन दिवसांची सवलत देऊ केली. बाबा नको म्हणाले. त्यांचं नाव पुढच्या बॅचमध्ये गेलं. पोरांच्या प्रदर्शनाला ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले, प्रत्येक फोटोपुढे उभे राहिले आणि घरी येऊन न जेवता झोपले.

या गोष्टीला आता चार महिने होतील. रविवार उजाडला की बाबा गोळ्यांचं पाकीट शोधतात. दोन गोळ्या घेतात आणि जातात. कधी मीही जाते. आत्या पाण्याच्या वेळा सांगते, शेजाऱ्याच्या जावयाच्या खोड्या सांगते. बाबा हसतात, मान डोलावतात, आणि नजर सारखी त्या खणाकडे. घरी येताना दर वेळी एकच प्रश्न, "तुला काय वाटतं, हो म्हणेल?"

परवा मला राहवलं नाही. कपबशा उचलायच्या निमित्ताने मी आत्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. "पुरे झालं आता," म्हटलं. "आठवडाभर त्यांना नीट घास जात नाही. काय ते एकदा सांगून टाक."

आत्या कप विसळत होती. नळ तिने बंद केला नाही. "सही त्याच दिवशी केलीय गं," ती म्हणाली. "तुम्ही फाटकाबाहेर पडायच्या आत."

"मग?"

"मग काय. कागद हातात पडल्यावर पुढच्या रविवारी येईल का तो?"

मी तिचा चष्मा काढून घेतला, काडी सरळ करून दिली. बाहेर बाबा चपला घालून उभे होते. वळणापर्यंत भराभर चालले, मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आत काही बोलली का ती?"

"नाही," मी म्हणाले. "साखर संपलीय म्हणाली."