मिशीचा गोंद

बोरिवलीत लेकीच्या शाळेचं गॅदरिंग. ती नाटकात हवालदार झाली होती आणि मी तिला मिशी चिकटवत होतो. गोंदाची बाटली उघडली, स्पिरिटचा तो उग्र वास आला आणि माझाच वरचा ओठ चुरचुरला.

मुलुंडच्या आमच्या चाळीत गणपतीत नाटक व्हायचं. मी बोलताना अडखळतो, पण कुजबुजताना एक अक्षर अडत नाही. म्हणून विंगेतून नटांना वाक्यं पुरवायचं काम दरवर्षी माझ्याकडे. एका वर्षी ऐन प्रयोगाच्या संध्याकाळी नायक तापाने फणफणला. सगळं नाटक पाठ असलेला मी एकटाच. कुणाला न विचारता मिशी लावून उभा राहिलो.

दिग्दर्शक नंदूदादाने प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, तू विंगेत नसलास तर आमची वाट लागेल ना!" म्हणत त्याने माझी मिशी ओढून काढली आणि चाळीतल्याच सुहासच्या ओठावर दाबली. सुहासला एकही वाक्य येत नव्हतं. अख्खी भूमिका मी कुजबुजलो, तो माझ्यामागून बोलत गेला. टाळ्या पडल्या. "तुझ्यामुळे वाचलो यार," सगळे म्हणाले.

तेव्हा मला तो मान वाटला. तोंडावर नाही म्हणाले असते तर भांडलो तरी असतो. कौतुकाशी कसं भांडणार?

"बाबा, मी विसरले तर विंगेतून सांगशील ना?" लेकीने विचारलं.

"सांगेन की," मी तिच्या कानात कुजबुजलो. अजिबात अडखळलो नाही.