गाठ विरघळली त्या लग्नसराईत

समस्त अंजूर, दापोडे आणि कशेळीकरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या हिराआत्याने अखेर आयुष्यात एकाचं तरी ऐकलं. बोलावलं तशी मुकाट निघाली. यमाला मिळालेला हा मान आत्याच्या नवऱ्याला कधी मिळाला नव्हता. महिन्याभरापूर्वी ही बातमी फोनवर आली तेव्हा मी कशेळीच्या पुलाजवळ कंटेनरांच्या रांगेत अडकलो होतो. फोन ठेवला आणि उगीचच हॉर्न वाजवत राहिलो...

आत्या धवलारीण. म्हणजे आमच्याकडच्या लग्नांत विधींची गाणी म्हणणारी बाई. ती आल्याशिवाय मांडवात हळद कालवली जात नाही. काखेत गाठ आली तेव्हा "काखमांजर हाय" म्हणून तिने लेप थापला. गाठ बसेना आणि छातीतही एक हाताला लागली, तेव्हा मी तिला गाडीत कोंबून ठाण्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. छातीतल्या गाठीची तपासणी झाली, ती कॅन्सरचीच निघाली. बाई म्हणाल्या, "आता काखेतल्या गाठीत तेच आहे का, ते सुईने तुकडा काढून बघू. आधी काय करायचं, नंतर काय, ते त्यावर ठरेल." सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत त्यांनी सुई घातली, तुकडा काढला आणि त्या जागी तांदळाच्या कणीएवढी एक क्लिप ठेवली.

"ही कशाला गो बाय?"

"औषधाने गाठ विरघळली, तरी ऑपरेशनला जागा सापडायला हवी."

"म्हंजे चोर पलाला तरी त्याचा घर म्हाईत पायजे!"

"बरोब्बर. आणि घर साफ करायचंच, मावशी. गाठ राहो वा जावो."

काखेतही कॅन्सरच निघाला. क्रम ठरला: आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. टक्कल मिरवत आत्या गावभर सांगत फिरली, की डॉक्टरीणबाईंनी आपल्या काखेत दागिना जडवलाय, हिंमत असेल त्याने चोरून दाखवावा. बायका पोट धरून हसायच्या. गाठी खरोखरच विरघळल्या, बोटाला काही लागेना... आणि तिथेच घात झाला. ऑपरेशनची तारीख आली आणि नेमकी लग्नसराई लागली. "मी हात बांधून बसले तं हलद कोन लावंल? नि कापनार काय आता, हवा?" मी चिडलो. डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला, तर तिने त्यांनाच हळदीला जेवायला बोलावलं. घरचेही मला म्हणाले, बरी झालीय ना, कशाला छळतोस?

सराईतल्या शेवटच्या मांडवात गाता गाता तिला खोकला आला. बायकांना वाटलं, हळदीची पूड नाकात गेली. खोकला थांबेना. आत्याने गर्दीतून माझ्याकडे बघितलं... तिला कळलं होतं. नव्या तपासणीत फुफ्फुसात ठिपके दिसले. बाईंनी पुन्हा उपचार आखून दिले, पण या वेळी त्यात ऑपरेशन नव्हतं.

तेराव्याला मी पंगतीत आत्याचे किस्से तिच्याच आवाजात रंगवत होतो. दुःखाच्या घरात माणसं ठसका लागेपर्यंत हसत होती. तिची धाकटी सून तेवढी हसली नाही. वाढता वाढता तिने वरणाचं पातेलं मध्येच खाली ठेवलं, तिचा उजवा हात पदराआडून डाव्या काखेकडे गेला आणि सगळ्यांदेखत ती बोलून गेली, "दादा... ती सुई लय दुखते का हो?"