ओहोटीच्या दिवशीची हजेरी

चारकोपच्या खाडीकडून ओहोटीच्या चिखलाचा वास आला की मला अजून ती हजेरी आठवते. स्वातंत्र्य मिळून तेव्हा आठ-दहा वर्षं झाली असतील. मिठागरालगत आमची एका खोलीची कौलारू शाळा होती आणि पट आणखी घसरला तर तिला कुलूप लागणार, असं बाई सारखं म्हणायच्या. तपासणीचे साहेब यायचे होते, नेमक्या त्याच दिवशी मोठी ओहोटी लागली, आणि निम्मी पोरं आयांबरोबर निवटे मासे पकडायला चिखलात उतरली. रिकामी बस्करं बघून बाईंना घाम फुटला. "धाव गं, तुझ्या धाकट्या बहिणीला घेऊन ये," त्या मला म्हणाल्या. धाकटी अजून शाळेच्या वयाचीही नव्हती. वाटेत मी तिला बजावलं, "मी चिमटा काढला की 'हजर' म्हणायचं. दुसरं काही बोललीस तर बघ!" साहेबांसमोर बाईंनी खाडीत गेलेल्या एका मुलीचं नाव पुकारलं, मी चिमटा काढला आणि धाकटी ओरडली, "हजर!" मी सुटकेचा श्वास सोडतेय तोच साहेब तिच्यापुढे वाकले. "नाव काय गं तुझं?" बाईंच्या हातातला खडू मोडला. धाकटीने घाबरून माझ्याकडे पाहिलं आणि ती पुटपुटली, "हजर." साहेब सरळ उभे राहिले. खिडकीतून चिखलातली पोरं दिसत होती, तिकडे ते बघत राहिले. "बाई," शेवटी ते म्हणाले, "पुढच्या खेपेला मी भरती बघून येतो." शाळा वाचली. धाकटी आता थकली आहे, एकटी राहते. रोज सकाळी मी फोनवर तिला हाक मारते, आणि पलीकडून "हजर" ऐकू येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.