एका शब्दात सांगा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिला माझी बाकी सगळी लपवाछपवी ठाऊक आहे, डॉक्टरांनी बंद केलेलं गोडसुद्धा. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. नक्की माहीत नाही.

गोष्ट माझ्या बहिणीची आहे. नाही — माझीच आहे. पण ताईपासून सुरू केल्याशिवाय ती कळायची नाही.

ताई, म्हणजे शैलजा, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आम्ही सांगलीचे. तिने जमिनीखालच्या पाण्यावर डॉक्टरेट केली, अमेरिकेत गेली आणि तिथल्या एका लहान गावातल्या कॉलेजात पंचवीस वर्षं शिकवत राहिली. तिला साधं काही विचारलं तरी ती मुळापासून सांगायला लागायची. आमच्या बोअरचं पाणी जड का, असं मी लहानपणी विचारलं, तर तिने खडकापासून सुरुवात केली होती. मी मध्येच खेळायला पळालो. घरात काही अडलं की बाबा म्हणायचे, ताईला विचार. मला कुणी काही विचारल्याचं आठवत नाही.

मी जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला असतो, अठरा वर्षं झाली. गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो. इथे डॉक्टरेट केलेले लोक दाराच्या घंटीवरसुद्धा नावाआधी डॉक्टर लिहितात, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. मग एके वर्षी आमच्या गटाचा प्रमुख म्हणून माझं नाव जवळजवळ ठरलं होतं, आणि बाहेरून एक जण आला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. नावाआधी डॉक्टर. पहिल्याच मीटिंगमध्ये मी काहीतरी सुचवलं, तो म्हणाला, ‘गेनाऊ’, म्हणजे अगदी बरोबर, आणि त्याने तेच स्वतःच्या शब्दांत, लांबण लावून, पुन्हा सांगितलं. सगळ्यांनी लिहून घेतलं.

हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. तेव्हा माझ्या आत काय साठलं होतं, एवढंच सांगतोय.

त्याच सुमारास मी ताईच्या गावाच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये शिरलो. आधी प्रेमानेच. तिच्याकडे बर्फ किती पडलं, शाळा बंद आहेत का, हे बघायला. तिथे एक माणूस भेटला — भेटला म्हणजे व्हिडिओत. फर्निचरचं दुकान चालवणारा, गावाच्या कौन्सिलसाठी उभा राहिलेला. दुकानातल्याच एका सोफ्यावर बसून बोलायचा. “मी पुस्तकं वाचत नाही, माणसं वाचतो,” म्हणायचा. जे एका वाक्यात सांगता येत नाही, त्यात काहीतरी काळंबेरं असतं, म्हणायचा. तिकडे तेव्हा वरपासून खालपर्यंत हाच सूर लागला होता. जो जास्त शिकलेला, तो आपल्याला मूर्ख समजणारा. जो ‘थांबा, बघावं लागेल’ म्हणतो, तो काहीतरी लपवणारा.

मला ते आवडायचं. खरंच आवडायचं. कंपनीच्या कँटीनमध्ये एकटा जेवताना मी त्याचे व्हिडिओ बघायचो आणि हसायचो. ब्रेकचा एखादा भाग पास करायला आम्ही महिनोन् महिने चाचण्या घेतो, बारीकशी शंका उरली तरी मी सही करत नाही — तोच मी. मला कळत नव्हतं का? कळत होतं. मी कमेंट लिहायला लागलो, खोट्या नावाने. अमेरिकन नाव, फोटोच्या जागी एक पिकअप ट्रक.

ताईच्या गावात रेल्वेपलीकडे एक रसायनांचा कारखाना होता, कधीच बंद पडलेला. ताईने दोन वर्षं पाण्याचे नमुने घेतले आणि अहवाल दिला. त्याची रसायनं जमिनीखालच्या पाण्यात उतरली होती. गावाला पाणी पुरवणाऱ्या बोअरपैकी रेल्वेपलीकडच्या दोन बंद कराव्यात, खर्च आला तरी. अहवाल जाडजूड होता. सोफ्यावरच्या माणसाने तो हातात धरून तोलून दाखवला. म्हणाला, “एवढं लिहावं लागतंय, म्हणजे घाबरवायचंच असणार.”

एका रविवारी दुपारी ताईचा फोन आला. तिच्याकडे सकाळ होती. बोलता बोलता म्हणाली, “थांब हं, चहाला आधण ठेवते.”

“नळाचं?” मी चिडवलं. “तूच सांगतेस ना, पिऊ नका म्हणून?”

ती मनापासून हसली. “अरे, आमच्या बाजूला उत्तरेकडच्या बोअरचं पाणी येतं. ते चांगलं आहे, मीच तपासलंय. खराब आहेत त्या पलीकडच्या दोन.” आणि मग, नेहमीसारखं, खडकाच्या थरांपासून सगळं समजावून सांगितलं. मी ऐकलं. या वेळी पळालो नाही. सगळं समजलं मला — हे लक्षात घ्या.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी ग्रुपवर एक ओळ लिहिली. प्रोफेसरबाईंना विचारा, त्यांच्या स्वतःच्या चहात कुठलं पाणी असतं.

एवढंच. त्यात खोटं काय होतं? एक शब्दही नाही. पुढचं वाक्य तेवढं मी लिहिलं नाही.

कौन्सिलची सभा त्याच आठवड्यात होती. मी तिचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी बसमध्ये पाहिलं. ताईने निळी साडी नेसली होती. महत्त्वाच्या दिवशी ती साडीच नेसायची. सोफ्यावरचा माणूस लोकांत उभा राहिला आणि त्याने विचारलं, “प्रोफेसर, तुमच्या चहात कुठलं पाणी असतं? एका शब्दात सांगा.”

ताई म्हणाली, ते कुठल्या भागात राहता यावर अवलंबून आहे. तो म्हणाला, एका शब्दात. तिने पुन्हा सुरुवात केली. मग मागून कुणीतरी ओरडलं, एका शब्दात! आणि सगळं सभागृह तालात टाळ्या वाजवत तेच म्हणायला लागलं. म्हातारी माणसं, कडेवर मुलं घेतलेल्या बाया. ताईने माइक घट्ट धरला होता. ती खोटं बोलू शकत नव्हती. “नळाचं,” ती म्हणाली.

तो हशा मी बसमध्ये ऐकला. नंतर ती काहीतरी सांगत होती, ओठ हलताना दिसत होते. पण तिची वेळ संपली होती, माइक बंद केला होता. बोअर चालू ठेवायचं ठरलं. तो माणूस निवडूनही आला.

पुढे कितीतरी दिवस तिच्या दारात कुणीतरी नळाच्या पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवून जायचं. बाजारात लोक हसून कप उचलल्यासारखं करायचे. पण त्याहून वाईट एक गोष्ट आहे, आणि तिच्याभोवतीच मी इतका वेळ घुटमळतोय.

सभेनंतर चार-पाच दिवसांनी ताईचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. “चहाचं त्यांना कुठून कळलं रे? माझ्याकडे चहाला फक्त मार्था येते.”

मार्था कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती. दर गुरुवारी ताईकडे यायची, वीस वर्षं. भावजी गेले तेव्हा पंधरा दिवस ताईच्या घरी राहून तिने स्वयंपाक केला होता, वरणभातसुद्धा शिकली होती. ताईने विचारलं, “मार्थानं सांगितलं असेल का?”

मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. माहीत नाही म्हटलं असतं तरी.

“शक्य आहे,” मी म्हणालो.

दोन शब्द. एवढं साधं, एवढं सुटसुटीत उत्तर मी आयुष्यात कधी दिलं नसेल. ताईला आधार हवा होता, मी नाव पक्कं करून दिलं. तिने मार्थाला काहीच विचारलं नाही. आमच्या घरात भांडायची रीतच नाही. फक्त गुरुवारी दार उघडणं बंद केलं. मार्थाने पत्रं लिहिली. ताईने ती फोडली नाहीत. वर्षभरात मार्थाने नोकरी सोडली आणि मुलाकडे दुसऱ्या राज्यात राहायला गेली.

चार वर्षांनी सरकारी तपासणीत त्या दोन बोअर बंद झाल्या. गाजावाजा न करता, ग्रुपवर एक नोटीस लावून. मधल्या काळात रेल्वेपलीकडच्या घरांत तेच पाणी जात होतं, पोरांच्या दुधात, भाजी-सुपात. त्यातल्या कुणाचं काय झालं, मी शोधलं नाही. शोधता आलं असतं. ट्रकच्या फोटोचं माझं खोटं खातं मी त्याआधीच पुसून टाकलं होतं.

मागच्या एप्रिलमध्ये ताई पहिल्यांदाच आमच्याकडे आली, महिनाभर. ती आता फार कमी बोलते. माझ्या मुलीने शाळेतल्या प्रोजेक्टसाठी तिला झऱ्यांबद्दल विचारलं, अर्धं जर्मनमध्ये, अर्धं मराठीत. ताई म्हणाली, “तुझ्या पुस्तकात असेल बाळा, ते बघ.” मुलगी आत गेली. मी हातातली भांडी पुसत राहिलो.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही कालव्याच्या कडेने फिरायला गेलो. मालाची एक लांब बोट हळूहळू जात होती. ती पुढे जाईपर्यंत ताई थांबली, मग म्हणाली, “मार्था गेली. तिच्या मुलाचा मेल आला होता.” थोडं चालल्यावर म्हणाली, “मी तिला एकदा सरळ विचारायला हवं होतं रे. तिने खरं काय ते सांगितलं असतं.”

पुढेमागे कुणी नव्हतं. ती माझ्याकडेच बघत होती.

मी म्हणालो, वारा वाढलाय, परत फिरू या. तिने माझा हात धरला, आणि आम्ही परत फिरलो.