नलूताईंचं पाण्याचं गणित

नलूताईंना मी शेवटचं भेटलो ते रोह्याच्या दवाखान्यात. पेणच्या डोंगराकडच्या हिराबाईंची विहीर आटली, हे सांगायला गेलो होतो. "कोणत्या आठवड्यात?" मार्चचा दुसरा, मी म्हणालो. त्या वैतागल्या. "माझ्या हिशेबात लवकरात लवकर चौथा होता. म्हणजे उपसा कमी धरला मी..." पुढचं खोकल्यात गेलं. पाच दिवसांनी त्या गेल्या.

खाडीकाठच्या खारेपाटातल्या मिठागरवाल्याची ही मुलगी. रोह्याला आयुष्यभर फिजिक्स शिकवलं आणि निवृत्तीनंतर पाण्याचं मॉडेल करायला बसल्या. पाऊस, ओढे, विहिरी, उपसा सगळं लॅपटॉपमध्ये घालायचं आणि हवामान असंच बदलत गेलं तर पेण-रोह्यात किती पाणी उरेल ते काढायचं. सरकारी नोंदी अपुऱ्या पडल्या, तेव्हा गावोगावच्या बायकांना दोरी सोडून विहिरीचं पाणी मोजायला शिकवलं. "इतका पाऊस पडतो नि आमी पानी मोजायचं?" हिराबाई हसल्या होत्या. "पडतो गो, पण थांबतो कुठं?" नलूताई म्हणाल्या.

मी तेव्हा पाणीयोजनेच्या कचेरीत होतो. एका नव्या वसाहतीला तिथल्याच ओढ्याचं पाणी द्यायचं का, हे ठरवायच्या बैठकीला मीच त्यांना बोलावलं. त्यांनी समजावलं, पाऊस एकूण तेवढाच होईल कदाचित, पण चार दिवसांत कोसळून खाडीला जाईल. त्यात ओढा वळवलात तर हिराबाईंच्या विहिरीसारख्या खालच्या विहिरी मार्चअखेर ते मे, कधीही आटतील. साहेबांना एकच तारीख हवी होती. "नक्की सांगा ना बाई." "नक्की ठाऊक असतं तर मॉडेल कशाला केलं असतं?" सगळे हसले. इतिवृत्त मी लिहिलं... 'निष्कर्ष अनिश्चित.' वसाहतीला पाणी मिळालं. ते वाचून ताईंनी मला एवढंच विचारलं, "विहीर आटणार का, हे अनिश्चित आहे, की कधी आटणार, हे?" साहेबांचा राग येतोच, पण त्याआधी माझा येतो.

ताईंच्या मुलीनं त्यांचा फोन आणि लॅपटॉप मला आणून दिलाय. दर सोमवारी सकाळी त्या फोनवर हिराबाई विहिरीचं माप सांगतात. इतिवृत्तातले ते दोन शब्द माझे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. "लिव्हा भाऊ, कोरडी." गेल्या सोमवारी मी वैतागलो. म्हटलं, दर वेळी तेच काय लिहायचं, टँकर आला का ते सांगा.

"टँकर नाय आला. पन बाई बोललेल्या, कोरडी असली तरी सांगायचं."

मी तारखेपुढं शून्य लिहिलं.